भाड्याचं घर शोधताय? आधी हद्द विचारा!

एप्रिल-मे आला की आपल्या भागात टेम्पो दिसायला लागतात. मागे फ्रिज, गाद्या, दोरीनं बांधलेली मुलांची सायकल आणि वर उलटी ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची. नागपूर, कोल्हापूर, लातूर, जळगाव, संभाजीनगर... कुठून कुठून माणसं पुण्यात नोकरीसाठी येतात. आणि त्याच्या आधी महिनाभर आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर तोच मेसेज येतो. "दादा, हिंजवडीत जॉइन होतोय. बायको आणि दोन मुलं. फॅमिलीसाठी चांगला एरिया सांगा ना. वाकड बरं की बाणेर?"

या पोस्टमध्ये त्याचं उत्तर देतोय. थोडं लांबलंय, पण ज्यांना घर शोधायचंय त्यांनी आणि ज्यांचं घर भाड्यानं द्यायचंय त्यांनीही वाचावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. भाड्याचं घर निवडताना तुम्ही फ्लॅट निवडत नसता, तर सरकार निवडत असता. म्हणजे नळाला पाणी कोण देणार, कचरा कोण उचलणार, रस्त्यावरचा खड्डा कोणी बुजवायचा आणि तो नाही बुजवला तर भांडायचं कोणाशी, हे सगळं त्या एका सहीनं ठरतं. त्यामुळे "एरिया चांगला आहे का?" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न "ही हद्द कोणाची?" असा हवा.

आठ-दहा किलोमीटरमध्ये तीन राज्यं

हिंजवडीचंच उदाहरण घेऊ. आयटी पार्क एमआयडीसीचं, पण आजूबाजूची हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. तिथे कारभार ग्रामपंचायतीचा, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची. वीस-बावीस मजली टॉवर आणि खाली ग्रामपंचायत, असा प्रकार.

तिथून थोडं पुढे आलात की वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत. ही पिंपरी-चिंचवड महापालिका. मुळा नदीचा पूल ओलांडला की बालेवाडी, बाणेर. ही पुणे महापालिका. सूस आणि म्हाळुंगे हीसुद्धा आता पुणे महापालिकेत, पण ती आली जून २०२१ मध्ये. बाणेर-बालेवाडी आली १९९७ मध्ये. एका महापालिकेतल्या दोन शेजारी भागांत चोवीस वर्षांचं अंतर आहे, आणि ते रस्त्यावर उतरलं की दिसतं.

आता आमदार-खासदारांचं बघा. हिंजवडी भोर विधानसभा मतदारसंघात आणि बारामती लोकसभेत. वाकड चिंचवड विधानसभेत आणि मावळ लोकसभेत. बालेवाडी कोथरूड विधानसभेत आणि पुणे लोकसभेत. म्हणजे ऑफिस एकाच्या हद्दीत, घर दुसऱ्याच्या, मुलांची शाळा तिसऱ्याच्या. रोज सकाळी ज्या कोंडीत तुम्ही तासभर अडकता, तिचा एक मालक नाही. ती सगळ्यांची म्हणून कोणाचीच नाही.

हे फक्त हिंजवडीचं नाही. खराडीत नोकरी लागलेले लोक भाडं कमी म्हणून वाघोली आणि मांजरीकडे सरकतात. चाकणच्या कारखान्यांत काम करणारे मोशी, चिखलीत राहतात किंवा थेट चाकण नगरपरिषदेच्या हद्दीत. सगळीकडे गोष्ट तीच. भाडं जिथे कमी, तिथे बहुतेक वेळा महापालिका नुकतीच आलेली असते किंवा यायची असते.

पाणी : ब्रोशरमध्ये जलतरण तलाव, नळाला टँकर

ब्रोकर तुम्हाला क्लब हाऊस दाखवेल, जिम दाखवेल, स्विमिंग पूल दाखवेल. पाण्याचं विचारलं की "चोवीस तास पाणी आहे सर" म्हणेल. ते खोटं नसतं. चोवीस तास पाणी असतं, पण ते कुठून येतं ते तो सांगत नाही.

साधा हिशोब करा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा सर्वसाधारण निकष धरतात. दोनशे फ्लॅटची सोसायटी आणि घरटी चार माणसं धरली तर ८०० माणसं. म्हणजे दिवसाला १ लाख ८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज जवळपास अकरा टँकर! महापालिकेनं किंवा बोअरनं यातलं निम्मं भागवलं तरी रोज पाच-सहा टँकर लागतात. हे पैसे मेंटेनन्समधून जातात, आणि मेंटेनन्स शेवटी भाड्यातूनच वसूल होतो. तेव्हा "भाडं तीन हजारांनी कमी आहे" म्हणून हुरळून जाऊ नका. ते तीन हजार उन्हाळ्यात टँकरमधून निघून जातात.

आता यात गंमत काय आहे? अनेक ठिकाणी बांधकामाची परवानगी घेताना बिल्डरनं हमीपत्र दिलेलं असतं, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी स्वखर्चानं पाणी पुरवीन. पुढे सोसायटी हस्तांतरित होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाकडे जातो आणि हमीपत्र फाइलमध्ये राहतं. घर विकत घेणारे निदान भांडतात तरी. भाडेकरूला हमीपत्र असतं हेच माहीत नसतं.

महापालिकेच्या हद्दीत आलो म्हणजे सुटलो, असंही समजू नका. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं. मग दिवसाआड पाणी येणारी प्रत्येक सोसायटी वाईट का? नाही. टाकी मोठी असेल, पाण्याची वेळ ठरलेली असेल तर लोक नीट राहतात. पण घर घेण्याआधी तुम्हाला हे माहीत हवं.

आणि जानेवारी २०२५ विसरू नका. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडले. पुणे परिसरात मिळून आकडा दोनशेच्या घरात गेला. हातपाय लुळे पडलेली माणसं, व्हेंटिलेटरवरचे तरुण आपण पाहिले. संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. यातली बरीचशी गावं महापालिकेत नव्यानं आलेली. खडकवासला धरण डोळ्यांसमोर, अख्ख्या पुण्याला तिथून पाणी जातं, आणि धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला प्यायला भरवशाचं पाणी नाही. हद्द बदलली म्हणून पाइपलाइन आपोआप बदलत नाही, हे त्या एका महिन्यानं सगळ्यांना शिकवलं.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा वॉचमनकडे जा. ब्रोकरला जरा बाजूला ठेवा आणि विचारा, "मामा, मे महिन्यात टँकर किती येतात?" वॉचमन खरं सांगतो, कारण गेट त्यालाच उघडायचं असतं.

ऑफिस जवळ की शाळा जवळ?

आपल्याकडे सगळे ऑफिस मध्यभागी ठेवून घर शोधतात. लहान मुलं असतील तर हे उलटं करा. आधी शाळा, मग घर, मग ऑफिस.

का? एक तर नोकरी बदलते. कंपनी दोन वर्षांत बदलेल, प्रोजेक्ट सहा महिन्यांत बदलेल, आठवड्यातून दोन-तीन दिवस घरूनच काम असेल. शाळा मात्र रोज आहे आणि ती दरवर्षी बदलता येत नाही. दुसरं म्हणजे मोठा माणूस कॅबमध्ये डुलकी काढू शकतो. सहा वर्षांचं पोर पहाटे सहाला उठून, स्कूल बसमध्ये तासभर हिंदकळत शाळेत गेलं तर ते तिथे शिकणार काय? माझा साधा नियम आहे : घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा प्रवास सगळ्यात कमी हवा.

बाहेरून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, सीबीएसईच्या बऱ्याचशा एप्रिलमध्ये. इथल्या अनेक खासगी शाळांचे प्रवेश आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू झालेले असतात. मे महिन्यात टेम्पो घेऊन आलात तर शाळा तुम्ही निवडत नाही, जिथे जागा उरली ती शाळा तुम्हाला निवडते. आधी शाळेला फोन, मग घराला टोकन.

आणि "मेट्रो येतेय" या वाक्यावर घर घेऊ नका. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. २३ किलोमीटर, २३ स्थानकं. तिच्या नावावर किती वर्षं भाडी वाढली आणि किती तारखा पुढे गेल्या, ते इथे राहणाऱ्यांना विचारा. तुम्ही ज्या महिन्यात राहायला येणार, त्या महिन्यात घरापासून चालत काय मिळतं तेवढंच धरा. पीएमपीची बस किती मिनिटांनी येते, रिक्षावाला मीटरनं येतो का, आकुर्डी किंवा चिंचवड स्टेशनवरून लोकल मिळते का. जे आज आहे ते तुमचं. बाकी घोषणा.

संध्याकाळी सातला चालून बघा

घर दुपारी अकराला बघतात. तेव्हा सगळेच रस्ते मोकळे असतात. तुम्ही संध्याकाळी सातला जा, आणि गाडी लांब लावून चाला. आई-वडील सोबत राहणार असतील तर त्यांना घेऊन चाला.

फुटपाथ आहे का? आहे तर त्यावर पाणीपुरीची गाडी, डीपी बॉक्स आणि कोणाची तरी बुलेट आहे का? औषधाचं दुकान रस्ता न ओलांडता मिळतं का? मुलांना खेळायला सोसायटीबाहेर एखादं मैदान किंवा बाग आहे का? आजोबांना सकाळी बसायला बाक आहे का? गेटच्या आत सगळं आणि गेटच्या बाहेर काहीच नाही, अशा ठिकाणी मूल वाढतं खरं, पण गाडीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाऊ शकत नाही.

निगडी प्राधिकरणात एकदा चक्कर मारा. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानं तिथे आधी सेक्टर आखले, रस्ते आखले, बागांच्या जागा ठेवल्या आणि मग घरं झाली. आज पन्नास वर्षांनी फरक दिसतो. झाडं आहेत, माणसं चालताना दिसतात. तिथे इमारती जुन्या, काही ठिकाणी लिफ्ट नाही, पार्किंगची बोंब. हिंजवडीला जायला वेळही जास्त. तरीही म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या घरानं एकदा तरी तिकडे बघावं. कोथरूड, सहकारनगर, चिंचवडगाव यांचंही तेच. ब्रोकर तिकडे नेणार नाही, कारण तिथे घरं तोंडी तोंडीच जातात. ओळखी काढा, दारावरच्या पाट्या वाचत फिरा.

याचा अर्थ नवीन भाग वाईट असा नाही. वाकड-बालेवाडीत शेजारीपाजारी सगळे तुमच्यासारखेच बाहेरून आलेले. मुलांना पहिल्या आठवड्यात मित्र मिळतात. "तुमचं मूळ गाव कोणतं?" या प्रश्नामागे तिथे नुसती उत्सुकता असते. जुन्या भागात कधी कधी हाच प्रश्न, आणि पाठोपाठ "तुम्ही व्हेज ना?" हा प्रश्न, दार उघडायचं की नाही हे ठरवायला विचारला जातो. हेही आपल्याच शहराचं खरं आहे आणि ते आपल्याला शोभत नाही.

अकरा महिन्यांचं कोडं

आता करार. शाळा चालते वर्षांच्या हिशोबानं आणि आपला करार अकरा महिन्यांचा. दरवर्षी मार्चमध्ये पोटात गोळा, मालक काय म्हणतो!

अकरा महिनेच का? वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, ती टाळायला अकरा महिने, अशी जुनी पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर त्याला शिक्षेची तरतूद आहे, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मग नोंदणी करायचीच आहे तर अकरा महिने कशाला? हा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं आणि नोंदणी ऑनलाइन होते. मूल पहिलीत असेल तर सरळ छत्तीस महिन्यांचा करार मागा. दरवर्षी किती टक्के वाढ ते आधीच लिहून घ्या. मालकालाही फायदा आहे, दरवर्षी नवा भाडेकरू, नवा रंग, नवी दलाली यातून तो सुटतो. चांगले मालक हे ऐकतात. विचारलंच नाही तर कोण देणार?

आरटीईतून २५ टक्क्यांच्या जागेवर प्रवेश हवा असेल, तर भाड्यानं राहणाऱ्या पालकांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो. नोटरीचा कागद चालत नाही. वॉचमन, ड्रायव्हर, कारखान्यातले कंत्राटी कामगार यांची मुलं एवढ्या एका कागदापायी बाहेर राहतात. ज्यांच्या ओळखीत असं कुटुंब आहे त्यांनी हे जरूर सांगा.

"आपण काय, भाडेकरूच!"

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथपर्यंत वाचलंत तर हेही वाचा.

जून २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं वाघोली, सूस, नांदेड, मांजरीतल्या लाखो माणसांना ना सरपंच, ना स्वतः निवडून दिलेला नगरसेवक. कर आला, पाणी नाही आलं. जीबीएसची साथ आली तीही याच काळात. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. जिथे विचारणारा कोणी नसतो तिथे पाइपलाइन सगळ्यात शेवटी पोचते.

आता नगरसेवक आलेत. पण ते कोणाचं ऐकणार? जो मतदार यादीत आहे त्याचं. आणि भाडेकरू कुठे आहे? त्याचं मत अजून लातूरला, जळगावला, अमरावतीला. मतदानाला गावी जायचं म्हणतो, सुट्टी मिळत नाही, शेवटी कुठेच करत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त मालक. सभेत भाडेकरूला मत नाही. घर भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा पैसे घेऊ शकते, आणि ते फिरून भाड्यात येतात. पैसे सगळीकडे भरायचे आणि आवाज कुठेच नाही, असं हे आपल्या शहरातलं भाडेकरूचं आयुष्य.

"वर्षभरानं जाऊच की" म्हणणारी बहुतेक कुटुंबं आठ-दहा वर्षं इथेच असतात. मुलं इथे दहावी होतात. तेव्हा फॉर्म ८ भरा आणि नाव इथल्या यादीत आणा. नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. गावाशी नातं मतदार ओळखपत्रानं तुटत नाही. गावची जत्रा तुमचीच राहते. इथल्या नळाला पाणी मात्र इथल्या मतानंच येतं.

आणि इथल्या जुन्या मंडळींनाही सांगायचंय. "बाहेरचे आले आणि गर्दी झाली" हे वाक्य आता पुरे. तुमचा वरचा मजला त्यांच्याच भाड्यावर उभा आहे. ते निघून गेले तर कोंडी सुटेल, पण दुकानंही बंद पडतील. दोघांचा खड्डा एकच, टँकर एकच. मग मागण्याही एकच असू देत :

१. दोन्ही महापालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी प्रत्येक भागात पाणी किती दिवसांनी, किती वेळ आणि कुठल्या स्रोतातून येतं, हे जाहीर लिहून लावावं.
२. बिल्डरनं दिलेलं पाण्याचं हमीपत्र सोसायटीच्या नोटीस बोर्डावर हवं, आणि मागच्या उन्हाळ्याचं टँकरचं बिलही.
३. प्रत्येक सोसायटीनं भाडेकरूंना ग्रुपवर घ्यावं, सभेला बोलवावं. मत नसलं तरी बोलू द्यावं.
४. नगरसेवकांनी मोठ्या सोसायट्यांत मतदार नोंदणीची शिबिरं घ्यावीत. फक्त निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, तर जूनमध्ये, जेव्हा माणसं राहायला येतात तेव्हा.

यातल्या एकाही गोष्टीला उड्डाणपुलाएवढे पैसे लागत नाहीत.

आता "वाकड बरं की बाणेर?" याचं उत्तर. जिथे शाळा अर्ध्या तासाच्या आत, मे महिन्यात टँकर सगळ्यात कमी, आजीला औषधाच्या दुकानापर्यंत एकटीला चालत जाता येतं आणि तक्रार कोणाकडे करायची ते तुम्हाला माहीत आहे, तो तुमच्या फॅमिलीसाठी चांगला एरिया. त्याचं नाव काहीही असो.

तुमच्याकडून एक मदत हवी. खाली कॉमेंटमध्ये फक्त चार गोष्टी लिहा : तुमचा भाग, हद्द कोणाची, पाणी किती दिवसांनी, उन्हाळ्यात टँकर किती. सोसायटीचं नाव नको, भांडण नको. शंभर जणांनी लिहिलं तरी पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या कुटुंबाला कुठल्याही ब्रोशरपेक्षा जास्त उपयोगी माहिती मिळेल. आणि तीच यादी घेऊन आपण नगरसेवकाकडेही जाऊ.

ज्यांच्या ओळखीतलं कोणी पुण्यात येतंय, त्यांना ही पोस्ट पाठवा.